थांबत चालणारं पिल्लू

शेवटच्या साध्या दिवशी आके, म्हणजे माझे वडील, ताइगान जातीचं शिकारी पिल्लू घेऊन आले.

"स्वतःचा गुडघा सांभाळवत नाही, आणि याला डोंगरात नेणार?" आई म्हणाली.

"मी कुठला नेतोय? तेच मला नेईल," आके हसले.

दुसऱ्या दिवशी पहाटे आके वारले. आमच्यात बापाचा शोक लेकीने स्वतः रचून गायचा असतो. मला शब्द फुटला नाही. "एवढी पुस्तकं वाचली, आणि बापासाठी एक ओळ जमेना!" आत्या सगळ्यांदेखत म्हणाली. मी शिकायला राजधानीत, बिश्केकला निघाले तेव्हा आके निरोपाला आले नव्हते. त्यावरून नऊ वर्षं मी त्यांच्याशी तुटक बोलत होते.

पिल्लाने आकेंना एकच संध्याकाळ पाहिलं होतं. तरी तिसऱ्या आठवड्यात ते रोज भर दुपारी उठून अंगणातून तबेल्याकडे जाऊ लागलं. चार पावलं चालायचं, थांबायचं, वर बघायचं, मग पुन्हा चार पावलं. दुखऱ्या गुडघ्याने आके असेच चालत.

"कालही असंच," आई कुजबुजली.

आज मी अगदी जवळ गेले. वारा नव्हता, सफरचंदाचं पानही हलत नव्हतं. पिल्लाच्या कपाळावरचे केस हळूच दबले, कानांपर्यंत दबत गेले, उभे राहिले, पुन्हा दबले. त्याने सुखाने डोळे मिटले.

घरात मोठं माणूस आल्यावर करतात तसा आईने डोक्यावरचा रुमाल सारखा केला.

"आके," मी मोठ्याने म्हणाले, "तुम्ही याल म्हणून मी त्या दिवशी दोन बस सोडल्या होत्या."