ड संघाचा शेवटचा सामना

बसमध्ये गाण्यांचा नुसता धुमाकूळ चालला होता. शाळेच्या मोठ्या रग्बी संघाने मोसमाचा अंतिम सामना जिंकला होता आणि चषक मागच्या सीटपासून पुढच्या सीटपर्यंत हातोहात फिरत होता. प्रशिक्षक सर ड्रायव्हरच्या शेजारी बसले होते. ओरडून ओरडून घसा बसला होता, पण चेहरा फुललेला. यंदा मुलींचा संघ दुसरा आला, चौदा वर्षांखालची पोरं उपांत्य फेरीपर्यंत पोचली आणि त्यावर आता हा चषक. असा मोसम शाळेने कधी बघितला नव्हता.

ड्रायव्हरने अचानक ब्रेक दाबला.

रस्त्याच्या कडेने मुलं चालली होती. अंगावर शाळेचीच जर्सी, पण चिखलाने रंग ओळखू येईना. बुटांच्या नाड्या एकमेकींत बांधून बूट गळ्यात अडकवलेले. सगळ्यांच्या पुढे छत्री टेकत चाललेले एक आजोबा.

"हा तर आपला ड संघ!" मोठ्या संघाचा कॅप्टन खिडकीतून बाहेर वाकला. मग मागे वळून म्हणाला, "सर, यांची मॅच रद्द झाली होती ना?"

सरांनी ड्रायव्हरकडे बघितलं. सकाळी बस बरीच लांब आल्यावर ड्रायव्हरने विचारलं होतं, "लहान पोरांना वाटेत सोडायचं होतं ना, सर?" तेव्हा कुठे सरांना आठवलं होतं. निघायच्या गडबडीत त्यांना लहान मुला-मुलींच्या ड संघाचा पार विसर पडला होता. मागे फिरलं असतं, तर अंतिम सामन्याला उशीर झाला असता. "त्यांची मॅच रद्द झाली," ते म्हणाले होते. इतक्या सहज, की ड्रायव्हरने पुढे काही विचारलंच नव्हतं.

आता ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि दार उघडलं. सरांकडे मात्र बघितलं नाही.

सर खाली उतरले. ड संघाची कॅप्टन, जिला सगळे भिंगरी म्हणत, धावतच पुढे आली. "सर, कप मिळाला?"

"मिळाला."

मुलांनी एकच गलका केला. जणू तो त्यांनीच जिंकला होता.

"आम्ही शाळेच्या फाटकाजवळ थांबलो होतो," भिंगरी म्हणाली. "बस बंद पडली का, सर? मला वाटलंच होतं. मग माझे आजोबा म्हणाले, चला, चालत जाऊ."

आजोबा पुढे झाले. "पोचायला उशीर झाला खरा. पण त्या शाळेची माणसं भली. थांबली होती बिचारी."

बसमधली गाणी केव्हाच थांबली होती. खिडक्याखिडक्यांतून डोकी बाहेर आली होती. सरांना वाटलं, 'हो, बंद पडली' म्हणून मोकळं व्हावं. पण पाठीमागे ड्रायव्हर बसला होता.

"मी विसरलो तुम्हाला," ते म्हणाले.

"हात्तिच्या!" भिंगरी हसली. "होतं असं. हा गोणी तर सारखा बूटच विसरतो."

सगळी मुलं हसली. गोणी नावाचा तो जाडजूड मुलगाही हसला. सरांना अर्ध्याच गोष्टीची माफी मिळाली होती. उरलेलं अर्धं तोंडात तसंच राहिलं.

"हरलो आम्ही," भिंगरी म्हणाली. "बासष्ट-पाच."

"पाच?" कॅप्टन बसमधून उडी मारून खाली आला. ड संघाला मोसमभर एक गुणही मिळाला नव्हता. "पाच कुणी काढले?"

सगळ्यांनी गोणीकडे बोटं दाखवली. गोणी कानापर्यंत लाल झाला.

"रेषेपलीकडे नेऊन टेकवला चेंडू! याने!" भिंगरी जागच्या जागी उड्या मारत होती. "तिघं लटकले होते याला, तरी पडला नाही. आजोबा, सांगा ना!"

"मला काय कळतंय त्यातलं," आजोबा म्हणाले. "मी आपला सगळे नाचले तेव्हा नाचलो."

कॅप्टनने एकदा सरांकडे बघितलं. रागाने नाही, पहिल्यांदाच भेटलेल्या माणसाकडे बघावं तसं. मग त्याने बसमधून चेंडू मागवला आणि गोणीच्या हातात दिला. "दाखव बघू. आम्ही त्यांच्याकडून खेळतो."

मोठ्या संघातले तिघं धडाधड खाली उतरले. रस्त्यालगतच्या गवतात कुणीतरी बुटाची टाच ओढून रेषा आखली. चषक बसच्या पायरीवर कुणाच्या लक्षातही न राहता पडून होता. गोणीने चेंडू पोटाशी धरला, मान खाली घातली आणि तयारीत उभा राहिला.

सर दाराजवळच थांबले होते.

"तिथून नाही, सर." भिंगरीने चिखलाच्या हाताने त्यांची बाही धरली आणि त्यांना गवतापर्यंत ओढत नेलं. रेषेच्या टोकाशी आणून उभं केलं, थोडं डावीकडे सरकवलं, मग पुन्हा थोडं पुढे. स्वतः त्यांच्या शेजारी उभी राहून, मान वळवून खात्री करून घेतली.

"हां, इथे," ती म्हणाली. "इथून तुम्हाला सगळं दिसलं असतं."