दार उघडणारी माणसं

"यांना तुमच्या हाताखाली घ्या," कॅप्टन म्हणाले आणि त्या बाईला ताईंसमोर उभं करून पुढच्या टेबलाकडे वळले.

छापखान्याच्या वरच्या हॉलमध्ये दर महिन्याला ही बैठक भरायची. कुणाच्या नोकरीत नसलेले, स्वतंत्र काम करणारे सुरक्षा सल्लागार जमायचे. एकमेकांना कार्डं द्यायचे, कामं सुचवायचे आणि हाताला काम नसलं तरी "सध्या श्वास घ्यायला फुरसत नाही हो" म्हणायचे. बैठक सुरू केली लष्करातून निवृत्त झालेल्या कॅप्टननी. प्रत्येक जुन्याने एका नवख्याला तयार करायचं, हा नियमही त्यांचाच.

ताईंच्या वाट्याला आलेली बाई तिशीची असेल. विचारलं तेवढंच बोलायची. दुसऱ्या बैठकीपर्यंत सगळे तिला अबोली म्हणायला लागले होते.

ताईंचं काम करायला सोपं, पण सांगायला अवघड होतं. कंपन्या त्यांना स्वतःच्याच इमारतीत चोरासारखं शिरायला बोलवायच्या. ताई शिरायच्या आणि कुठून, कसं शिरता आलं याचा अहवाल द्यायच्या.

"म्हणजे लोकांना फसवायचे पैसे," त्यांची आई म्हणायची. "बरं आहे बाई. बाकीच्यांना फुकट फसवावं लागतं."

"कुलपं उघडायला कधी शिकवणार?" अबोलीने एकदा विचारलं.

"कुलपाच्या नादी लागू नकोस. दार माणूस उघडतो. हातात जड खोका घे, नाहीतर डोळ्यांत पाणी आण. समोरच्याला चांगलं वागायची संधी मिळाली की तो नियम विसरतो."

अबोलीने मान हलवली.

ती भराभर शिकली. पहिलं काम एका विमा कचेरीत होतं. ताई बाहेर गाडीत थांबल्या. त्यांचा चहा संपायच्या आत अबोलीचा फोन आला, थेट कागदपत्रांच्या खोलीतून. ताईंना आनंदाने टाळी वाजवावीशी वाटली. पण गाडीत येऊन बसली तेव्हा अबोलीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"पाय दुखतो म्हटलं, तर रखवालदाराने मला स्वतःची खुर्ची दिली," ती म्हणाली. "वर लिफ्टपर्यंत सोडायला आला."

"झकास. अहवालात घाल."

"त्याचं नावही घालायचं?"

"नाव कशाला? सकाळपाळीचा रखवालदार, एवढं पुरे."

"सकाळपाळीला तो एकटाच असतो, ताई."

ताईंनी गाडी सुरू केली. या पोरीचं काळीज फार मऊ आहे, हिचा या धंद्यात निभाव लागणार नाही, असं त्यांना वाटून गेलं. पुढच्या दोन्ही कामांत मात्र अबोली लोण्यातून सुरी जावी तशी आत गेली.

मग एके दिवशी कॅप्टनचा फोन आला.

"तुमची अबोली त्या विमा कचेरीत परत गेली होती. एकटीच. माझ्या माणसाने पाहिलं. जपा ताई, अस्तनीतला निखारा निघायची. तुमची गिऱ्हाइकं फोडायला आली असेल."

ताईंची कामं आधीच आटली होती. जुनी दोन गिऱ्हाइकं तर हल्ली फोनसुद्धा उचलत नव्हती. चार दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही. शेवटी त्यांनी अबोलीला घरीच बोलावून घेतलं.

त्या तोंड धुऊन बाहेर येईपर्यंत अबोली आईच्या पायाशी बसली होती. आईच्या गुडघ्याची सैल झालेली पट्टी सोडून ती नव्याने बांधत होती.

"बघ, कशी बसली पट्टी," आई म्हणाली. "तू बांधतेस ती जिना उतरेपर्यंत घोट्यावर येते."

ताई हसल्या नाहीत. "विमा कचेरीत परत कशाला गेली होतीस?"

अबोलीचे हात थांबले नाहीत. "रखवालदाराची माफी मागायला."

"माफी?"

"त्याला सगळं खरं सांगितलं. आधी चिडला. मग म्हणाला, बसा, पाय कसा आहे?"

आपण हिच्याबद्दल काय काय मनात आणलं! ताईंना ओशाळल्यासारखं झालं. खुर्ची ओढून त्या तिच्या जवळ बसल्या.

"ऐक. एक मोठं काम आलंय. नदीपलीकडचं इस्पितळ. मागच्या वर्षी तिथली तपासणी मीच केली होती. आता सुधारणा झाली का, ते परत बघायचंय. हे नीट पार पडलं तर तुझी माझी वर्षभराची चिंता मिटेल."

"मागच्या वेळी कशा शिरलात?"

"रडत. वडील शेवटच्या घटका मोजताहेत म्हटलं. एका नर्सने मला आत बसवलं, पाठीवरून हात फिरवला. माझ्यासाठी चहा आणायला गेली आणि औषधांच्या कोठीची किल्ली टेबलावरच राहिली. भली होती बिचारी."

"दिसायला कशी होती?" आईने विचारलं.

"मास्क होता तोंडाला. आणि माझं सगळं लक्ष किल्लीकडे." ताईंनी अबोलीच्या खांद्यावर हात ठेवला. "या वेळी तू जा. अहवाल द्यायला मी सगळ्यांसमोर उभी राहिले होते, त्यामुळे तिथे मला सगळे ओळखतात."

अबोलीने पट्टीचं टोक आत खोचलं, आईचा पाय अलगद खाली ठेवला आणि पहिल्यांदाच ताईंच्या डोळ्यांत सरळ पाहिलं.

"तिथे मलाही सगळे ओळखतात, ताई."