आर्सेनच्या नावाचा पेला

मठाभोवतीच्या तिसऱ्या फेरीला नवसाचा मेंढा अडून बसला. शुशानिक त्याच्याशेजारी खाली बसली आणि त्याच्या कानाशी लागून म्हणाली, “चल रे राजा. तू असा अडलास तर माझ्या आर्सेननं घरी यायचं कधी?”

गुर्गेनने मान फिरवली. शुशानिक त्याची थोरली बहीण. तिचा आर्सेन युद्धात बेपत्ता झाला, तेव्हापासून दर पानगळीत ती एकेका जुन्या मठात जाऊन मेंढा देत होती, पोर परत मागत होती. यंदा गेघार्दच्या मठाची पाळी होती.

आर्सेन येणार नव्हता. मे महिन्यातच त्याच्या बापाला, ओनिकला, राजधानीतून, येरेवानहून, बोलावणं आलं होतं. रणांगणावर सापडलेली हाडं बापाच्या रक्ताशी जुळली होती. नेमकी त्याच आठवड्यात शुशानिकच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, बाईंना धक्का बसेल असं काही कानावर घालू नका. कुणी घातलं नाही. आधी टाके सुकू देत, मग द्राक्षं उतरू देत, मग धाकट्या लेकीचा साखरपुडा होऊन जाऊ दे. चांगुलपणाला सबबींचा तोटा कसला! पोर तिकडे शवागारात, आणि इकडे सगळं खानदान तोंडाला कुलूप लावून बसलेलं.

गुर्गेनला मात्र ते कुलूप जड झालं होतं. तो परदेशी पाहुण्यांना गाडीतून मठ दाखवत हिंडायचा. या आठवड्यात त्याच्या गाडीत दानुता होती, पोलंडची एक विधवा बाई, मोडकीतोडकी रशियन बोलणारी. प्रत्येक गोष्ट इथल्या माणसांसारखी करायची तिला भारी हौस. चर्चमधून निघताना वेदीला पाठ नको म्हणून दारापर्यंत उलट पावली चालायची, मग कुणाच्या का पायावर पाय पडेना. काल घाटात गुर्गेनने तिला आर्सेन गेल्याचं सांगून टाकलं; आईला ते ठाऊक नाही, एवढं मात्र सांगायचं राहिलं. परकी बाई, दोन दिवसांनी विमानात बसणार, तिच्याजवळ बोलायला काय जातं? ती रडली. त्याला हलकं वाटलं.

पण रात्री शुशानिकचाच फोन आला. “तुझ्या त्या बाईला घेऊन ये रे. नवसाचं मांस परक्या माणसाच्या पोटात जायला हवं.” नाही म्हणायला त्याला कारण सुचलं नाही.

मेंढा कापला गेला, नुसत्या मिठापाण्यात शिजला. नदीकाठच्या लांब टेबलावर लवाशच्या रोट्या उलगडल्या, तुतीची दारू आली. ओनिकने गुर्गेनला बाजूला ओढलं.

“त्या बाईला काही ठाऊक नाही ना?”

“तिला काय ठाऊक असणार, दाजी! तिला आपली भाषा तरी येते का?”

“बघ हं. उद्या-परवाकडे मीच सांगणार आहे शुशानला. नीट, हळूहळू.” उद्या-परवा हे त्याचं मे महिन्यापासून चाललं होतं.

पहिला पेला भेटीचा झाला. सगळ्यांनी एकमेकांच्या पेल्याला पेले भिडवले. दुसरा गेलेल्या आजोबा-पणजोबांचा. मेलेल्यांच्या नावाने पिताना पेला भिडवत नाहीत. आपापल्यापाशी धरायचा आणि मुकाट्याने रिकामा करायचा. गुर्गेनने दानुताला हे पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. तिने पेला छातीशी धरला आणि खाली मान घातली.

“बघ, बघ!” शुशानिक खूश झाली. “तुझ्यापेक्षा शहाणी आहे, गुर्गेन. तू गेल्या वर्षी मामंजींच्या नावानं खण्णकन भिडवला होतास, गाढवा!”

टेबल हसलं. मग ओनिक पुन्हा उठला. “आर्सेनच्या नावानं,” तो म्हणाला. “आमचं वाट चुकलेलं पोर घरी येवो.” त्याचा आवाज जरासुद्धा हलला नाही. सवय झाली होती बिचाऱ्याला.

सगळे पेले एकमेकांना भिडले. गुर्गेनने तर जरा जास्तच जोरात भिडवला. शुशानिक आपला पेला घेऊन टेबलाभोवती निघाली, एकेकाच्या पेल्याला लावत, एकेकाच्या तोंडाकडे बघून हसत. शेवटी ती दानुतापाशी आली.

दानुताला ओनिकच्या बोलण्यातलं एक नावच तेवढं कळलं होतं. तिचे डोळे भरून आले. तिने पेला छातीशी धरला आणि खाली मान घातली.

शुशानिकचा हात हवेत तसाच राहिला.

“भिडवा! अहो, भिडवा!” गुर्गेन रशियनमध्ये पुटपुटला. दानुताने हलकेच नकारार्थी मान हलवली. या आईसमोर तरी तिला चूक करायची नव्हती.

“नवीन आहे गं ती, ताई,” गुर्गेन घाईघाईने म्हणाला. “तिचा गोंधळ झाला.”

शुशानिकने पाहुणीच्या ओल्या डोळ्यांकडे पाहिलं. मग भावाकडे पाहिलं. तो कानापर्यंत लाल झाला होता. मग ती नवऱ्याकडे वळली.

“कधीपासून?”

ओनिकने पेला खाली ठेवला. खोटं बोलायचं त्याच्यात त्राण उरलं नव्हतं. “मे,” तो म्हणाला.

“ताई, तुझ्या जिवासाठीच गं. डॉक्टर म्हणाले...”

“तू गप्प बस.”

सगळे एकदम उठले. कुणी पाणी पुढे केलं, कुणी खुर्ची. ओनिक खिशातल्या गोळ्या चाचपू लागला. ती आता कोसळणार म्हणून चार हात तिच्या पाठीमागे तयार होते. पण ती कोसळली नाही, रडलीही नाही. तिने हातातली दारू गवतावर ओतून टाकली.

“कुठाय तो?”

“येरेवानला. शवागारात. तिथली माणसं चांगली आहेत, शुशान. नीट ठेवलंय त्याला. आपण सगळं तुझ्याच...”

तिने त्याला बोलू दिलं नाही. डोक्याचा रुमाल घट्ट बांधला आणि गाडीच्या दिशेने निघाली. दोन पावलांवर थांबून ती सगळ्या टेबलाकडे वळली.

“मे महिन्यापासून,” ती म्हणाली. “एकटाच?”