तिसऱ्यांदा घेतलेलं रक्त

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात सोलापूरच्या एका इस्पितळात तंत्रज्ञ वच्छला सांगोल्याच्या अंबुबाईंचा दंड रक्त घ्यायला तिसऱ्यांदा बांधत होती. कॅन्सर झालेल्यांच्या रक्तद्रवात सुटा फिरणारा डीएनए पुण्याचे संशोधक मोजत होते. रक्तातून हा द्रव वेगळा करणारं इस्पितळातलं यंत्र आधीच्या दोन्ही वेळा विजेअभावी थांबलं. रक्त तसंच एसटीनं पुण्याला गेलं, उन्हात पेशी फुटल्या, त्यांचाच डीएनए मिसळला, मोजणी वाया गेली. आज वीज होती, तर शीर सापडेना, वच्छला वैतागली. काळानिळा हात चोळत अंबुबाई म्हणाल्या, "आता कळंल न्हवं, माजी गाठ गेली का?" वच्छलानं सुई खाली ठेवली. "मावशी, कुणी सांगितलंच नाही तुम्हाला. यातून तुमचं काही कळणार नाही. पुढं दुसऱ्या बायांना उपयोग होईल, झालाच तर." अंबुबाईंनी काळानिळा हात मागं घेतला. मग दुसरा हात पुढं आला. "घ्या की. पर ह्या खेपंला तरी नीट पोचवा."