जिनपालच्या वाट्याचं पदक

"साक्षीदार कोण?" रत्नाबाईनं टाक दौतीत बुडवला.

"कोपऱ्यावरची कुलसुम नानी. तिला दवा आणून द्यायचो," गैबी म्हणाला.

तिनं लिहिलं. मानमोडीच्या तापाच्या साथीत सेवा केलेल्या विद्यार्थ्याला मदत समिती पदक देणार होती, शिवाय पुढच्या शिक्षणाचा खर्च. गैबी सोळा वर्षांचा, मुसलमान बोर्डिंगातला. त्यानं केलेली कामं नीट मांडून खाली सही करायचं काम शिक्षिका म्हणून रत्नाबाईकडं आलं होतं. सही मिळाली नाही, तर पोरगा गावी जाऊन बापासंगं कापूस पिंजत बसणार होता.

"या गल्लीत पाणी कुठवर दिलंस?"

"शेवटच्या घरापातूर."

शेवटचं घर हेच, रत्नाबाईच्या वडिलांचं. टाक थांबला.

"इथंही?"

गैबीनं मान खाली घातली. "ते ऱ्हाऊ द्या, बाई. ते लिहू नका."

परसाच्या भिंतीवरून शेजारच्या शालूबाईचं डोकं वर आलं. "का रं, ऱ्हाऊ द्या का? भ्या वाटलं व्हय? रत्ना, तुझ्या आण्णांना पाणी पाजलं ते जिनपालनं! ह्या भिंतीआडनं रोज ऐकलंय की मी, 'जिनपाल, पाणी दे बाळा.' मेलेल्या पोराचं पुण्य लाटतंय कार्टं!"

"भिंतीआडनंच ऐकलंत ना काकू?" रत्नाबाई म्हणाली. डोकं खाली गेलं.

आण्णा गेले तेव्हा ती मिरजेला, नोकरीच्या गावी, स्वतःच तापानं पडून होती. आली तेव्हा घराला कुलूप होतं. मोतीबिंदूनं आण्णांना माणूस ओळखू येत नसे, पण नेम कडक. पाणी जैनाच्याच हातचं, तेही गाळलेलं. नाहीतर तहानेनं मरेन, म्हणायचे. शालूबाईकडून नाव कळल्यावर रत्नाबाई जैन बोर्डिंगात गेली होती. त्या पोराच्या पायावर डोकं ठेवायचं होतं तिला. जिनपाल नावाचा एकच मुलगा तिथं होता आणि तोही शिरोळला, घरी, तापानं गेला होता.

"जिनपालला ओळखायचास?"

"एका बाकावर बसायचो आमी."

"गावी कधी गेला तो?"

"हितं ताप यायच्या आधीच गेलता."

धडधडीत खोटं. मग आण्णा रोज हाक कुणाला मारत होते? तेही नजर न उचलता. जिनपाल काही सांगायला येणार नव्हता, हे या पोराला पक्कं ठाऊक होतं. आणि 'लिहू नका' म्हणण्यातही हुशारी दिसत होती. सांगायचं नाही, पण समोरच्यानं समजून मात्र घ्यायचं.

तिनं टाक पुसून ठेवला. "सही करायला माझं मन घेत नाही, गैबी."

तो उठला. "बरं बाई. वाईच पाणी पिऊन जाऊ?"

"आडावर घे."

तो परसात गेला. आता तांब्याभांड्यांचीही खात्री वाटेना, म्हणून ती मागोमाग दारापर्यंत गेली.

गैबीनं दाराच्या पाठीमागं हात घालून खुंटीवरचं गाळणं काढलं. दुहेरी घडी घालून घागरीच्या तोंडावर धरलं. पाणी शेंदलं, गाळलं. रत्नाबाईला वाटलं, आता फडकं दगडावर झटकेल. गल्लीत सगळे तसंच करायचे. मिरजेला गेल्यापासून तीही तसंच करू लागली होती.

त्यानं फडकं उलटं केलं. गाळलेल्या पाण्यानं ते छोट्या कळशीत खळबळून घेतलं. मग कळशी दोरानं आडात सोडली, हळूहळू, भिंतीला लागू न देता, थेट पाण्याला टेकेपर्यंत. दोर सैल करून ती तिथंच कलंडू दिली.

आण्णांना वरून ओतलेलं चालत नसे. गाळण्यावर आलेला जीव उंचावरून पडून मरतो, म्हणायचे. लहानपणी याच आडावर तिचा हात धरून त्यांनी ते शिकवलं होतं.

गैबीनं तांब्या भरला. तोंडाला लावणार तोच रत्नाबाई पायरी उतरून त्याच्यापुढं आली आणि तिनं ओंजळ धरली.

"आधी मला दे," ती म्हणाली, "जिनपाल."