ओघळलेला सूर

शेवटचा सूर वाजवून शलाकाने मान वर केली. समोर स्पर्धेचे परीक्षक थॉमस गायकवाड बसले होते. त्यांच्याच एका जुन्या कॅसेटवरून ती गिटार शिकली होती.

“धून माझीच. पण मधला सूर असा खाली ओघळून पुन्हा वर येतो, हे कुठून उचललंस?”

“तुमच्याच कॅसेटमधून, सर. तेवढ्या एका जागेसाठी दोन वर्षं घासलीत.”

“मी तर तो सूर सरळ वाजवलाय, बाळ. तुझ्या कॅसेटची टेप ताणली गेली असणार.”

सभागृहात हशा पिकला. ज्या सुराला शलाका सरांची खासियत समजत होती, तो टेपचा बिघाड निघाला. ती गिटार खोळीत घालू लागली.

“थांब जरा.” काठी टेकत सर मंचावर आले. त्यांनी तिची गिटार मांडीवर घेतली. तीनदा प्रयत्न केला, पण तो ओघळ काही त्यांना साधेना. हसणारे केव्हाच गप्प झाले होते.

सरांनी गिटार तिच्या हातात परत दिली. “आता सावकाश वाजव. तुझी बोटं बघू दे मला.”