शेजारची खुर्ची

अलिबागच्या एका बंगल्यात काचेचे दिवे बनवायला शिकवत होते. कल्पिताने हौसेने आईलाही आणलं होतं. शेजारच्या खुर्चीत बसून मिठागरात भेगाळलेल्या बोटांनी आई काचेच्या गोळ्यावर आरशाचे तुकडे चिकटवत होती.

"या कोण?" शिकवणाऱ्या मृणालने विचारलं.

"आमच्याकडे कामाला असतात," कल्पिता बोलून गेली. तिचे कान तापले. आईने मान वर केली नाही.

फटींत पांढरं सिमेंट भरून झाल्यावर कल्पिताने ओल्या स्पंजने आपला दिवा पुसला. प्रत्येक तुकड्यात तिचा चेहरा होता आणि शेजारची खुर्ची रिकामी. त्याच तुकड्यांत मागे दाराशी, चपलांजवळ, आई जमिनीवर बसलेली दिसत होती.

कल्पिताने दचकून शेजारी पाहिलं. आई खुर्चीतच होती.

"आये," ती कशीबशी कुजबुजली.

आईने अनोळखी नजरेने वर पाहिलं आणि अदबीने विचारलं, "काय पायजे, ताई?"